हवाईची बाई

मार्गारेट बर्क-व्हाइट हवाई बेटांवरची नव्हती. ती १४ जून १९०४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मली, न्यू जर्सीत वाढली आणि २७ ऑगस्ट १९७१ ला कनेक्टिकटमध्ये वारली. तरीही मराठीतल्या एका होऊ घातलेल्या ऑनलाइन चरित्रकोशात ती वर्षभर 'हवाई राज्यातील व्यक्ती' या वर्गात सुखानं नांदत होती. कुणीतरी इंग्रजी मजकूर यंत्रात घातला, यंत्रानं 'हवाई छायाचित्रकार' असं अगदी बरोबर भाषांतर करून दिलं, आणि मग दुसऱ्या कुणीतरी ते वाचून तिला उचललं आणि थेट पॅसिफिक महासागरात नेऊन सोडलं. हा दुसरा कुणीतरी यंत्र नव्हता, एम. ए. झालेला माणूस होता. यंत्राची चूक असती तर मी गप्प बसले असते.

मी तीस वर्षं पुण्यात भूगोल शिकवला. हवाई बेटं कुठं आहेत ते मला माहीत आहे, आणि हवाई छायाचित्र म्हणजे काय तेही. आता निवृत्तीनंतर लेकीच्या नोकरीपायी मोहालीत राहते, नॉलेज सिटीच्या कुंपणापासून चालत दहा मिनिटांवर. कागदोपत्री हे साहिबजादा अजितसिंग नगर, पण इथला प्रत्येक माणूस बाहेरगावी 'चंदीगडला असतो' म्हणून सांगतो, तसं मीही सांगते. सेक्टर ८१ मध्ये आयसर आहे, नॅनो विज्ञानाची संस्था आहे, कृषी-जैवतंत्रज्ञानाची आहे, व्यवस्थापन शिकवणारी आयएसबी आहे. इतकं ज्ञान एका सेक्टरात, तेही कुंपणाच्या आत, राखणदारासकट! बाहेर कढी-चावलची गाडी आहे आणि डोक्यावरून विमानं जातात, कारण विमानतळ जवळच.

जानेवारीत फोन आला तेव्हा मात्र विमानंही जमिनीवरच होती. धुकं इतकं की समोरचा गुलमोहर दिसेना. पलीकडून संपादक सर म्हणाले, "ताई, एक नोंद सुधारायची आहे. तीनशे शब्द. आठ मार्चच्या आत हवी."

आठ मार्च! म्हणजे सरकारी हळदीकुंकू. त्या दिवशी प्रत्येक कार्यालयाला, प्रत्येक मंडळाला, प्रत्येक कोशाला अचानक बायका आठवतात. फुलं देतात, फेटे बांधतात आणि वाण म्हणून एकेकीला 'पहिली महिला' ही पदवी लुटतात. नऊ तारखेला फेटे परत पेटीत.

नोंद उघडली. नऊ वाक्यं होती. पहिल्या वाक्यात 'पहिली महिला'. दुसऱ्यात वडील. तिसऱ्यात शिक्षण. चौथं, पाचवं आणि सहावं वाक्य लेखक अर्स्किन कॉल्डवेल यांच्याशी झालेलं लग्न, त्यांचा संसार आणि घटस्फोट यांना वाहिलेलं. सातव्यात ती 'धाडसी व देखणी' होती. आठव्यात तिला पार्किन्सन झाला. नववं वाक्य आपल्याकडं बाईविषयीच्या प्रत्येक मजकुराच्या शेवटी गणपतीच्या आरतीसारखं येतंच: 'त्यांचे कार्य स्त्रियांसाठी प्रेरणादायी आहे.' कोणतं कार्य? नऊ वाक्यांत 'कॅमेरा' हा शब्द नव्हता. विमानही नव्हतं. हवाई छायाचित्रकाराच्या चरित्रात विमान नाही आणि कॅमेरा नाही, पण नवरा तीन वाक्यं!

आणि हे लग्न टिकलं किती, तर १९३९ ते १९४२. तीन वर्षांना तीन वाक्यं. या हिशेबानं तिच्या कामाला वर्षागणिक एक वाक्य यायला हवं होतं. कॉल्डवेल यांचीही नोंद त्याच कोशात आहे, ती मी मुद्दाम काढून वाचली. तिच्यात या बाईला अर्धं वाक्य आहे, स्वल्पविरामाच्या मागं. 'यू हॅव सीन देअर फेसेस' हे १९३७ चं पुस्तक दोघांचं, शब्द त्याचे आणि फोटो तिचे; पण त्याच्या नोंदीत ते त्याचं पुस्तक आहे आणि तिच्या नोंदीत ते नाहीच.

मला राग 'पहिली महिला' या शब्दांचा आहे. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांनी ही कीड आपल्या भाषेत सोडली. पहिली महिला वैमानिक, पहिली महिला डॉक्टर, पहिली महिला अमुक. एका रकान्यात पद, दुसऱ्यात नाव, मध्ये टिंबं. पाठ करा, एक गुण मिळवा, विसरा. त्या टिंबांच्या जागी एका बाईचं अख्खं आयुष्य असतं हे ना प्रश्न काढणाऱ्याच्या गावी, ना उत्तर देणाऱ्याच्या. बरं, पहिली म्हटलं की दुसरीची गरज संपते. दुसरी, तिसरी, चाळिसावी, ज्यांनी ते काम रोजचं करून दाखवलं, त्यांना रकाना नाही. आणि पहिलीलासुद्धा तरी काय मिळतं? तिनं ते काम कसं केलं हे कुणी विचारत नाही. बाई असून केलं, एवढं बस! नाचणाऱ्या अस्वलाचं कौतुक अस्वल चांगलं नाचतं म्हणून नसतं, नाचतं म्हणून असतं.

याउलट पुरुषाबद्दल आपण कसं लिहितो पाहा. नौदलातले गोपाळ बोधे यांनी आपले किल्ले आणि दीपगृहं आकाशातून टिपली. त्यांच्याविषयी लिहिताना हेलिकॉप्टर येतं, दारात बसून वाऱ्यात केलेलं काम येतं, किल्ल्याचा कोणता बुरूज वरून पहिल्यांदा नीट कळला ते येतं. यायलाच हवं. उद्धव ठाकरे यांच्या 'महाराष्ट्र देशा' या पुस्तकाबद्दल बोलतानाही लोक फोटोंबद्दलच बोलतात, निदान आधी. हे दोघे देखणे होते का आणि त्यांचं घर कोण सांभाळत होतं, हे कुणी विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

तर मी नोंद सुधारायला बसले. मदतीला इथल्याच एका संस्थेत पीएचडी करणारी लातूरची एक मुलगी होती. शनिवारी यायची, माझ्या हातचं पिठलं खायची आणि संदर्भ शोधायची. पहिल्या शनिवारी तिनं मला विचारलं, "काकू, सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? विशेषणं वाढवायची का?"

पोरीनं वर्मावर बोट ठेवलं. आपल्याकडं बाईचं चरित्र सुधारणं म्हणजे विशेषणं वाढवणं. धाडसीच्या जागी अत्यंत धाडसी. मी म्हटलं, विशेषणं सगळी काढायची आणि क्रियापदं घालायची. ती कुठं चढली, कशात बसली, काय पकडलं, काय हुकलं.

आणि क्रियापदं काय कमी होती? १९३४ मध्ये अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात दुष्काळ पडला तेव्हा 'फॉर्च्यून' मासिकासाठी तिनं एक जुनाट कर्टिस रॉबिन विमान भाड्यानं घेतलं आणि डकोटापासून टेक्सासपर्यंत सुकलेली जमीन वरून पाहत गेली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कवरून उडणारं डीसी-४ विमान तिनं दुसऱ्या विमानातून टिपलं. खाली मॅनहॅटनच्या इमारती काड्यापेट्यांसारख्या. २३ नोव्हेंबर १९३६ ला 'लाइफ' साप्ताहिक निघालं त्याच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ तिचं: फोर्ट पेक धरण. १९५२ मध्ये हेलिकॉप्टरमधून अमेरिका कशी दिसते याची तिची चित्रमालिका 'लाइफ'नं छापली. नौदलाच्या एका हेलिकॉप्टरसह ती चेसापीक उपसागरात पडली आणि जिवंत बाहेर आली. १९५४ मध्ये कोलोराडोतल्या नांगरटीचा तिनं वरून घेतलेला फोटो पाहा. धूप थांबावी म्हणून शेतकऱ्यानं काढलेल्या वळणदार तासांची जमिनीवर रांगोळी उमटली आहे. मृदसंधारण हा धडा मी वर्षानुवर्षं खडूनं रेषा मारून शिकवला. हा एक फोटो हाताशी असता तर निम्मा खडू वाचला असता.

आता इथं थांबून मास्तरकी करते, कारण संपादक सरांनी नेमका हाच भाग 'तांत्रिक' म्हणून काढला. वरून फोटो काढणं म्हणजे उंच जाऊन बटण दाबणं नव्हे. विमान थरथरत असतं. कॅमेरा किंवा कोपर विमानाच्या अंगाला टेकवला तर ती थरथर थेट फिल्मवर उतरते, म्हणून सगळं वजन स्वतःच्या खांद्यांवर तोलायचं. विमान पुढं पळत असतं, म्हणून शटर वेगात उघडून मिटलं पाहिजे. वातावरणातला निळसर धुरकटपणा चित्र पुसट करतो, त्यासाठी काळ्या-पांढऱ्या फिल्मपुढं पिवळी काच लावायची. भर दुपारी जाऊन उपयोग नाही. सूर्य डोक्यावर असला की सावल्या नसतात आणि सावल्या नसल्या की डोंगर आणि खड्डा सारखेच दिसतात. सकाळी किंवा कलत्या उन्हात जमीन अंग दाखवते. सर्वेक्षणवाले सरळ खाली कॅमेरा धरून उभे फोटो घेतात, एकाची साठ टक्के जमीन दुसऱ्यात येईल असे, मग त्रिमितीदर्शकाखाली जोडी ठेवली की टेकडी वर उठते. वर्गात पोरांच्या डोळ्यांसमोर ती टेकडी उठली की जो 'आऽ' निघायचा त्यावर मी तीस वर्षं जगले. बर्क-व्हाइटचं काम बहुतेक तिरकस फोटोंचं. तिथं मोजमाप कमी, नजर जास्त. नदार नावाच्या फ्रेंच माणसानं १८५८ मध्ये फुग्यात बसून पहिल्यांदा जमीन टिपली तेव्हापासून या धंद्यातला प्रश्न एकच आहे: इतक्या वरून जे दिसतं त्यात निवडायचं काय? हे तिनं कसं निवडलं ते सांगणं म्हणजे तिचं चरित्र.

आणि युद्ध. १९४२ च्या डिसेंबरात तिला उत्तर आफ्रिकेला जायचं होतं. वरिष्ठांनी विचार केला की विमानप्रवास बाईमाणसाला धोक्याचा, म्हणून तिला सुरक्षित अशा जहाजानं पाठवलं. ते 'स्ट्रॅथॅलन' जहाज पाणतीरानं बुडालं. बाईची काळजी घेण्याची पुरुषी पद्धत याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही. ती बचावनौकेतून वाचली, आफ्रिकेत पोचली, आणि मग मात्र जनरल डूलिटल यांनी परवानगी दिली. २२ जानेवारी १९४३ ला ट्युनिसजवळच्या एल अव्वीना या विमानतळावर बॉम्बफेक करायला निघालेल्या बी-१७ विमानात ती होती. अमेरिकेच्या बॉम्बफेकी मोहिमेवर गेलेली पहिली बाई, असं कोश लिहितो. असू दे. मला त्यापुढचं हवं. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, अंगात लोकरी अस्तराचा जाड चामडी पोशाख, बोटं गारठलेली, आणि त्या बोटांनी कॅमेऱ्याची कळ. १ मार्च १९४३ च्या 'लाइफ'मध्ये ते फोटो आले. त्याच पोशाखात, हातात जाडजूड हवाई कॅमेरा घेतलेला तिचा एक फोटो सैनिकांनी बराकीत टांगला. आमच्या कोशातलं 'देखणी' हे विशेषण बहुधा तिथूनच आलं.

आता कुणी म्हणेल, बाई अमेरिकेची, फोटो अमेरिकेचे, मराठी कोशाला एवढा कळवळा कशाला? म्हणून तर मी पेटले. गांधींचा चरख्याजवळ बसलेला जो फोटो शाळेच्या भिंतीपासून कॅलेंडरपर्यंत सगळीकडं आहे, तो हिनं काढला, आणि काढला पुण्यात. १९४६ मध्ये, ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात. आधी सूत कातायला शिक, मग फोटो, अशी अट होती. ती शिकली. खोलीत अंधार, गांधींना प्रखर उजेडाचा त्रास, म्हणून फ्लॅशचे तीनच दिवे मंजूर झाले. पहिले दोन वाया गेले. तिसरा लागला. पुणे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट मूळ नऊ वाक्यांत नव्हती! मराठी कोश, पुण्यातला फोटो, आणि नोंदीत हवाई बेटं.

पुढं १९४७. लाहोर गेलं, पंजाब चिरला गेला, माणसांचे काफिले दोन्ही बाजूंनी चालायला लागले. लाहोर गेलं म्हणून पंजाबला नवी राजधानी लागली आणि म्हणून चंदीगड. मी ज्या गावात बसून हे लिहिते आहे ते गाव त्या चालण्यातून जन्मलेलं आहे, नॉलेज सिटीसकट. बर्क-व्हाइट त्या काफिल्यांबरोबर होती. ३ नोव्हेंबर १९४७ च्या 'लाइफ'मध्ये ते फोटो आले. खांद्यावर म्हाताऱ्या बायकोला घेऊन चालणारा शीख म्हातारा तुम्ही पाहिला असेल, नाव ठाऊक नसताना.

इथं माझं आणि संपादक मंडळाचं खरं भांडण जुंपलं. तिच्याबरोबर ली आयटिंगन नावाची 'लाइफ'चीच एक वार्ताहर होती. तिनं नंतर सांगितलं की चालून अर्धमेल्या झालेल्या एका जथ्याला बर्क-व्हाइटनं फोटोसाठी पुन्हा मागं जायला लावलं, पुन्हा चालत यायला लावलं. घाबरलेली माणसं नाही म्हणू शकली नाहीत. गांधींच्या हत्येनंतर तिनं बिर्ला भवनात कॅमेरा लपवून नेला, मृतदेहाच्या खोलीत फ्लॅश उडवला, लोक खवळले आणि फिल्म काढून घेतली गेली. हे दोन्ही मी नोंदीत घातलं.

सरांचा फोन आला. "ताई, महिला दिनाला अशी नकारात्मक बाजू बरी दिसत नाही."

मी विचारलं, "सर, पुरुष दिनाला चालेल का?"

ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, बायकांच्या नोंदी आधीच कमी, त्यात आपणच त्यांना कमीपणा आणायचा? वरवर पाहता किती कळवळ्याचं बोलणं! पण हा कळवळाही त्या जहाजासारखाच आहे. बाईला धक्का लागू नये म्हणून तिला अशा ठिकाणी ठेवायचं जिथं ती बुडेल. नेपोलियनच्या नोंदीतून त्यानं मारलेली माणसं काढत नाहीत. मग फोटोसाठी माणसांना पुन्हा चालायला लावणारी बाई का नको? ती महत्त्वाकांक्षी होती, निर्दय होऊ शकत होती, आणि आपल्या कामात अफाट होती. तिन्ही गोष्टी एकाच बाईत होत्या. त्यातली एक वगळली की उरते ती मखरातली गौर. गौरीला पाय नसतात, फक्त मुखवटा आणि साडी. तिच्याकडून विमानात चढायची अपेक्षा कशी करणार?

माझ्या दृष्टीनं तो जथा हा तिच्या हवाई कामाचाच दुसरा भाग आहे. वरून पाहिलं की माणसं ठिपके होतात, रांगा आकृत्या होतात. जमिनीवर उतरल्यावरही ती सवय डोळ्यांतून गेली नसेल तर रांग पुन्हा हवी तशी यावी असं वाटणारच. हा माझा तर्क आहे. कोशात तर्काला जागा नाही म्हणून तो मी नोंदीत घातला नाही. इथं घालते.

'संदर्भ नाहीत' ही आणखी एक ढाल. २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा विकिपीडियाचा मसुदा मे महिन्यात परत पाठवला गेला, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल मिळालं. मग पान लगोलग उभं राहिलं. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत बायका साधारण पाचात एक, आणि तीही अनेकांनी वर्षानुवर्षं खपून आणलेली संख्या. तिथं अडचण खरी आहे: वर्तमानपत्रांनी लिहिलं नाही म्हणून संदर्भ नाहीत, संदर्भ नाहीत म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुढं कुणी लिहीत नाही. पण बर्क-व्हाइटच्या बाबतीत ही ढाल कागदाची आहे. तिचं आत्मचरित्र १९६३ चं, व्हिकी गोल्डबर्ग यांनी लिहिलेलं चरित्र १९८६ चं, भारतावरचं तिचं 'हाफवे टु फ्रीडम' १९४९ चं, कागदपत्रं सिरॅक्यूज विद्यापीठात, 'लाइफ'चे अंक घरबसल्या चाळता येतात. तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिचाच सहकारी आल्फ्रेड आयझेनस्टाट यानं तिच्या व्यायामाचे, उपचारांचे फोटो काढले आणि तेही १९५९ मध्ये 'लाइफ'नं छापले. आमच्या 'पार्किन्सन झाला' या एका वाक्यामागं एवढं पडलेलं आहे. संदर्भांचा दुष्काळ नाही, आळसाचा सुकाळ आहे.

श्री. व्यं. केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी लोकांकडून भागभांडवल जमवून ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी चरित्रकोश केला. दोघांकडं शोधाचं बटण नव्हतं. त्यांच्या चुका काढता येतील, पण त्यांनी कुणाला उचलून चुकीच्या महासागरात टाकलं असेल असं मला वाटत नाही. २०१६ च्या ऑगस्टात इथून जवळच लांडरांच्या कॉलेजात भारतभरच्या विकिपीडिया लिहिणाऱ्यांचं संमेलन भरलं होतं. फुकट, रात्री जागून, नोकरी सांभाळून लिहिणारी ती माणसं. त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग पगार आणि मानधन घेऊन नऊ वाक्यं पाडणाऱ्यांवर आहे. माझं मानधनही त्यात आलं, तीनशे शब्दांचं.

लातूरची पोर एका शनिवारी म्हणाली, "काकू, आपली होमाई व्यारावाला पण बघू का?" बघितली. तीही कोशात होती, आणि अर्थातच 'पहिली महिला छायापत्रकार' होती, टिंबटिंबांसकट. होमाईबाई नवसारीच्या, १९१३ च्या. मुंबईत वाढल्या, जे. जे. मध्ये शिकल्या. सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं छापून यायचे. १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या, साडी नेसून सायकलवरून राजधानी टिपली आणि 'डालडा १३' या टोपणनावानं ओळखल्या गेल्या. फाळणीला मान्यता देणारे वर गेलेले हात त्यांच्या फोटोत आहेत. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला भवनाकडं निघाल्या होत्या, नवऱ्यानं परत बोलावलं, आणि तो दिवस हुकला. ही हुरहुर त्या जन्मभर सांगत राहिल्या. १९७० मध्ये कॅमेरा ठेवून दिला. २०११ मध्ये पद्मविभूषण, २०१२ च्या जानेवारीत बडोद्यात मृत्यू. कोशात काय होतं? पद्मविभूषण होतं. सायकल नव्हती.

या गावातही हेच. चंदीगड म्हटलं की ल कॉर्बुझिए. सेक्टर २२ ची घरं बांधणारी जेन ड्रू, पुढं पंजाबची मुख्य वास्तुविशारद झालेली युली चौधरी, यांची नावं विचारा. बागेतल्या बाकावर बसलेल्या निवृत्त अभियंत्यांना मी विचारली. एकानं सांगितलं, "हां जी, ओ पहली लेडी आर्किटेक्ट सी." आणि पुढं? पुढं बागेतली शांतता.

परत नोंदीकडं येते. मी जे लिहिलं त्यातलं एक काढू नका म्हणून मी खरोखर हात जोडले होते. ३० जानेवारी १९४८ लाच, हत्येच्या काही तास आधी, बर्क-व्हाइटनं गांधींची मुलाखत घेतली. तिनं विचारलं, अणुबॉम्बचा सामना अहिंसेनं कसा करणार? गांधी म्हणाले ते असं की मी आसऱ्याला पळणार नाही. उघड्यावर येईन आणि वैमानिकाला दिसू देईन की माझ्या मनात त्याच्याविषयी वैर नाही. एवढ्या उंचीवरून त्याला आमचे चेहरे दिसणार नाहीत हे मला कळतं, पण आमच्या मनातली तळमळ त्याच्यापर्यंत पोचेल.

हे कुणाला सांगत होते ते? पाच वर्षांपूर्वी बॉम्बफेकी विमानात बसून खालचा धूर टिपलेल्या बाईला. वरून चेहरे दिसत नाहीत हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि खाली उतरून चेहरे टिपण्याचा तिचा धंदा. हवाई छायाचित्रकाराच्या चरित्रात याहून जागेवर बसणारा प्रसंग मला सुचवून दाखवा, मी भूगोल शिकवणं पाप होतं असं लिहून देते. सरांनी तो 'विषयांतर' या शेऱ्यासह कापला. जागा कमी होती. कॉल्डवेल यांचं मात्र एक वाक्य राहिलं, 'वाचकांना उत्सुकता असते' म्हणून.

आठ मार्चला कोशाचं उद्घाटन झालं. फेटे होते म्हणे. मी इथं गच्चीत वाळवणं घालत होते. मोहालीत मार्चातच कुरडया घालायला घेणारी मी एकटीच असेन, शेजारची सरदारीण रोज येऊन हात लावून बघते. दुपारी पोरीचा निरोप आला. नोंदीत आता चौदा वाक्यं होती. पुणे होतं, चरखा होता, कर्टिस रॉबिन होतं, ट्युनिस होतं. जथा नव्हता. 'धाडसी' होतं, 'देखणी' नव्हतं. शेवटचं प्रेरणादायी वाक्य शाबूत होतं.

खाली तिनं आणखी एक ओळ लिहिली होती: "काकू, हवाई राज्यातून काढलं तिला. आता 'महिला वैमानिक' या वर्गात टाकलंय."